निकुंभ सरांची चुकीची उदाहरणं

दहावी ‘ब’च्या वर्गात सगळ्यांचं उत्तर आलं आणि तिथून योगेंद्र निकुंभ सरांचे ग्रह फिरले.

आता, अख्ख्या वर्गाचं उत्तर येणं ही तशी गणिताच्या मास्तराने पेढे वाटावेत अशी गोष्ट. शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेवणानंतरच्या जड तासाला, त्रिकोणमितीच्या उजळणीत पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत प्रत्येकाच्या वहीत एकच उत्तर यावं, हे भाग्य फार थोड्या शिक्षकांच्या वाट्याला येतं. पण झालं होतं असं, की उदाहरण सांगताना सरांची जीभ घसरली होती. सहा मीटरची शिडी भिंतीला पाच मीटर उंचीवर टेकली आहे, असं सांगायचं होतं. सांगून गेले ते पाच मीटरची शिडी सहा मीटर उंचीवर टेकली आहे. शिडीने जमिनीशी केलेल्या कोनाचे साइन, कोसाइन आणि टॅन काढा. चूक त्यांच्या लगेच लक्षात आली. दुरुस्त करायला तोंड उघडणार तोच त्यांच्या मनात आलं, बघू तरी कोण हरकत घेतंय.

कोणी घेतली नाही. कर्णाच्या वर्गातून बाजूचा वर्ग वजा होईना, तेव्हा पोरांनी सरळ बाजूच्या वर्गातून कर्णाचा वर्ग वजा केला. मोठ्यातून लहान जातं, एवढं त्यांना दुसरीपासून ठाऊक होतं. तिसऱ्या बाजूला वर्गमुळात अकरा आले. पोरांनी उत्तराभोवती चौकट काढली, चौकटीखाली दोन रेघा ओढल्या आणि हात वर केले.

अपवाद एकट्या नाजमीनचा; ती पेनाला टोपण लावून बसली होती. बसस्टँडजवळ हारुनभाईंचं गाद्या-उशांचं दुकान आहे, त्यांची ही मुलगी. वर्गात कधी आपणहून बोलायची नाही. सरांनी का लिहिलं नाहीस म्हणून विचारलं तेव्हा ती उभी राहिली.

“सर, शिडी पोचत नाही,” ती म्हणाली, आणि अशी ओशाळली, जणू शिडी तिच्या घरातूनच आणलेली होती.

निकुंभ सर त्या संध्याकाळी धुळ्याच्या एस.टी.त बसले ते सुतक असल्यासारखे. इतकी वर्षं आपण गणित शिकवलं, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात आपण चौकट काढायला शिकवलं. देवपुरातल्या घरी पोचल्यावर त्यांनी ही गोष्ट पत्नीला, दिपमालाबाईंना, सांगितली. त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलांचं काय चुकलं असं विचारलं. सरांनी सांगितलेलं करायचं, हेच तर सर त्यांना पाचवीपासून सांगत आले होते. हा मुद्दा सरांना इतका लागला, की ते जेवताना दोनदा ‘मीठ कमी आहे’ म्हणाले, जे नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उजळणीची पद्धतच बदलली. फळ्यावर उदाहरणं लिहायची, त्यातली काही बरोबर, काही मुद्दाम बिघडवलेली. कुठली बिघडलेली ते सांगायचं नाही. आधी पोरांनी ठरवायचं, असं खरंच असू शकतं का. मग पेन उचलायचं. वीस मीटर उंचीचा मनोरा वीस मीटर अंतरावरून बघणाऱ्या माणसाला साठ अंशांचा उन्नत कोन कसा दिसेल? कुठल्या कोनाचा साइन एकापेक्षा जास्त असेल? सुरुवातीला पोरं बावचळली. मग त्यांना चव लागली. वर्गात भांडणं होऊ लागली, आणि तीसुद्धा गणितावरून. मधल्या सुट्टीत दोघं जण कोसाइनवरून गचांडी धरण्यापर्यंत आले, तेव्हा शिपायाने त्यांना सोडवलं आणि सरांनी शिक्षकांच्या खोलीत हे इतक्या कौतुकाने सांगितलं, की इतिहासाच्या बाईंनी त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं. हा काळ सुखाचा होता. म्हणूनच तो फार टिकला नाही.

कोणा पालकाला दाखला हवा होता. दाखल्याचा कारकून जागेवर नव्हता. कारकून जागेवर नसला की माणूस इकडेतिकडे बघतो. या गृहस्थांनी दहावी ‘ब’च्या दारातून फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर निकुंभ सरांच्या छापल्यासारख्या अक्षरात ती पाच मीटरची शिडी सहा मीटर उंचीवर टेकलेली होती आणि खाली, पोरांनी चूक पकडावी म्हणून, साइन थीटा बरोबर सहा भागिले पाच असं लिहिलेलं होतं. गृहस्थ बहुधा शिकलेले असावेत, कारण अशिक्षित माणसाने फोटो काढला नसता. त्यांनी तो काढला आणि ‘हे बघा आपल्या मुलांचं भविष्य’ असं लिहून पुढे पाठवून दिला.

फोटो संध्याकाळपर्यंत शिंदखेड्यात फिरला, रात्रीतून धुळ्याला आला आणि सकाळी दिपमालाबाईंच्या भडगावच्या बहिणीने तो त्यांनाच पाठवला. कुठल्या शाळेतला हा अडाणी मास्तर, असं विचारून.  दिपमालाबाईंनी फोन नवऱ्यासमोर ठेवला आणि त्या दूध तापवायला आत गेल्या. त्यांना ते अक्षर ओळखू येत होतं. लग्न ठरताना आलेली पत्रं त्याच अक्षरातली होती.

कॉलनीत मग सरांना सल्ले मिळू लागले. लोक चांगले होते, हीच अडचण होती. वाईट माणसं नुसती हसून गेली असती. ही माणसं मदतीला धावली. समोरच्या घरातले निवृत्त ओव्हरसिअर म्हणाले, शिडी सरकती असेल, तसं उदाहरणात लिहून टाका. एकाने शिडीखाली ड्रम ठेवायला सुचवलं. दूधवाल्याचं म्हणणं पडलं, की भिंतच थोडी खचलेली असेल. उदाहरण चुकीचं आहे, ते चुकीचंच ठेवायचं आहे, असं सर प्रत्येकाला सांगू पाहत. पण माणूस फार दुखावला गेला की असं बोलतो, हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे ते समजुतीने मान हलवत आणि पुन्हा शिडीकडे वळत. प्रमिलाबाई नावाच्या शेजारीणबाईंनी तर दिपमालाबाईंना बाजूला घेऊन, सर हल्ली नीट झोपतात ना, एवढंच विचारलं. दिपमालाबाईंनी झोपतात असं सांगितलं. ते खरं नव्हतं.

एस.टी.त वेगळाच प्रकार. रोजचे प्रवासी ‘या सर’ म्हणून जागा द्यायचे, ते आता जागा द्यायचे आणि मग एकमेकांकडे बघायचे. कंडक्टर सभ्य माणूस; त्याने कधी काही म्हटलं नाही. पण त्याने टपावरचं सामान उतरवताना कोणाला तरी ‘शिडी लाव’ म्हटलं आणि सर उगीचच खिडकीबाहेर बघू लागले.

आठवडा उलटला नसेल, तोवर पंचायत समितीच्या शिक्षण विभागाचं पत्र आलं. आपण इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांना चुकीची उदाहरणे शिकवत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी याबाबत आपला लेखी खुलासा तात्काळ सादर करावा. मुख्याध्यापक ललित देवरे यांनी ते पत्र सरांच्या हातात दिलं आणि हात लगेच मागे घेतला. देवरे वयाने लहान, मनाने वाईट नव्हते; पण कागद आला की त्यांना घाम फुटायचा, मग तो कागद लग्नपत्रिकेचा का असेना.

सर खुलासा लिहायला बसले. चुकीच्या उदाहरणांचं शैक्षणिक महत्त्व, मुलांची अंधपणे सोडवण्याची सवय, शंका घेण्याची गरज, असं सगळं त्यांनी आकृत्यांसह मांडलं. शेवटी शिडीची आकृती रंगीत पेनाने काढली. मग ते कॉलनीतल्या झुलालनानांकडे गेले. नानांची सगळी नोकरी पंचायत समितीत गेलेली. आलेले खुलासे फायलीला लावण्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, बाकीची नुसती उलटली आणि अहिराणीत आपलं मत दिलं.

“सर, खुलासामा खरं लिखानं नही. खरं लिखं का त्या वाचतस. वाचं का प्रश्न इचारतस. ‘नजरचुकीने झाले’ इतलंच लिखा, बठ्ठं मिटी जाई.”

नजरचूक झालेली नाही, मुद्दाम केलं आहे, असं सर म्हणाले. नानांनी चष्मा काढला. मुद्दाम हा शब्द त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांनी कुठल्या खुलाशात पाहिला नव्हता, असं त्यांनी सांगितलं आणि चहा मागवला; म्हणजे बोलणं संपलं.

सरांनी खरं तेच दिलं. ते वाचलं गेलं. आणि प्रश्न विचारले गेले.

विस्तार अधिकारी मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर एवढे कागद होते, की सरांचा खुलासा त्यात बराच वेळ सापडेना. सापडल्यावर त्यांनी तो सरळ शेवटून उघडला, रंगीत शिडी पाहिली आणि विचारलं, की उदाहरण चुकीचं आहे हे तुम्हाला मान्य आहे की नाही. सर म्हणाले, उदाहरण चुकीचं आहे हे मान्य आहे. पण ते चुकीचं असणं ही चूक नाही. मॅडमनी लिपिकाकडे पाहिलं. लिपिकाने ‘चूक मान्य’ असं लिहिलं. सर म्हणाले तसं नव्हे. लिपिक सौजन्याने म्हणाला, की दुसरा रकाना ‘चूक अमान्य’ असा आहे, आणि तो भरला तर चौकशी लागते. सरांनी दोन्ही रकान्यांकडे पाहिलं. मुलांना ते रोज सांगत होते की दिलेल्या माहितीत बसत नसेल तर उत्तर लिहू नका. इथे सही करायची होती. त्यांनी केली.

सक्त ताकीद मिळाली. इथून पुढे वर्गात कुठलंही चुकीचं उदाहरण द्यायचं झाल्यास मुख्याध्यापकांची पूर्वपरवानगी घ्यावी, आणि सदर उदाहरण चुकीचे असल्याचे त्यावर ठळकपणे नमूद करावे, असं त्या पत्रात होतं. देवरे सरांनी या वाक्याचा फार विचार केला आणि रबरी शिक्का बनवून घेतला: ‘सदर उदाहरण चुकीचे आहे’. खाली मुख्याध्यापक, आणि सहीला जागा.

चूक शोधायला दिलेल्या उदाहरणावर ते चुकीचं असल्याचा शिक्का मारला, तर शोधायचं काय, हे सरांनी देवरे सरांना समजावण्याचा प्रयत्न केला. देवरे सरांना ते पटलंही. पण पटणं आणि पत्र यात त्यांनी पत्र निवडलं. त्यामुळे आता उदाहरणं फळ्याऐवजी कागदावर छापून द्यावी लागली, कारण फळ्यावर शिक्का उमटेना. पोरं शिक्का बघत, कंटाळून एखादी चूक दाखवत आणि कागदाची विमानं करत. एकदा गठ्ठा मारता मारता देवरे सरांनी एका अगदी बरोबर उदाहरणावरही शिक्का मारला. साधं, सरळ, पंचेचाळीस अंशांचं उदाहरण. वर्गाने त्यात चार चुका शोधून काढल्या. मनोरा कुठल्या गावचा ते सांगितलेलं नाही, ही पहिली. माणूस झोपून बघतोय की उभा राहून, ही दुसरी. उरलेल्या दोन सरांनी ऐकल्या नाहीत. ते खुर्चीत बसले, आणि तास संपायची घंटा झाली तरी बसून राहिले. पोरांना वाटलं सरांना बरं नाही. एकाने पाणी आणून दिलं.

नाजमीननेच काय ते कागदाची शिक्क्याची कड दुमडून, शिक्का झाकून, उदाहरण सोडवलं होतं. खाली लिहिलं होतं: यात चूक नाही. शिक्का चुकला आहे.

जळगावला एक गणितप्रेमी मंडळ आहे. खान्देशातल्या दहावीच्या मुलांची ते एक निवड परीक्षा घेतं आणि निवडलेल्या मुलामुलींना उन्हाळ्यात जळगावला ठेवून घेऊन अकरावी विज्ञानाची तयारी करून घेतं. नाजमीनच्या घरी या परीक्षेला फार महत्त्व आलं होतं. दहावीनंतर तिने काय करायचं यावर घरात बोलणारे बरेच होते, आणि त्यातले बहुतेक ‘पुरे झालं’ म्हणणारे होते. हारुनभाईंना तसं वाटत नव्हतं. पण त्यांचा स्वभाव भांडणाचा नव्हता. मंडळाचं पत्र आलं असतं तर ते चार माणसांसमोर ठेवता आलं असतं. जळगावला त्यांची बहीण कनीज राहत होती, तिने खोली साफ करून ठेवली होती.

परीक्षेत त्रिकोणमितीवर एक मोठा प्रश्न आला. ध्वजस्तंभाच्या टोकाला दहा मीटर लांबीची तार बांधली आहे. तार जमिनीत खुंटीला बांधलेली आहे, खुंटी स्तंभाच्या पायापासून सहा मीटर अंतरावर आहे, आणि तार जमिनीशी साठ अंशांचा कोन करते. स्तंभाची उंची काढा. तीनच्या वर्गमुळाची किंमत शेजारी कंसात दिलेली.

या प्रश्नाचं दुर्दैव असं, की तो सुटतो. टॅन लावला तर उंची दहा पॉइंट अडतीस येते. साइन लावला तर आठ पॉइंट पासष्ट. पायथागोरसने गेलं तर बरोब्बर आठ. तिन्ही रस्ते बिनचूक, आणि तिन्ही उत्तरं वेगळी, कारण दहा मीटरची तार साठ अंशांत असेल तर खुंटी पाच मीटरवरच येणार. ती सहावर जाऊच शकत नाही. निकुंभ सरांच्या वर्गातल्या पोरांना महिन्यापूर्वी हे एका नजरेत दिसलं असतं. पण आता त्यांनी शंका घेणं सोडलं होतं. प्रश्नपत्रिकेवर शिक्का नव्हता. म्हणजे उदाहरण बरोबर होतं.

नाजमीनने उत्तरपत्रिकेत लिहिलं: ‘दिलेली माहिती एकमेकींशी जुळत नाही. असा स्तंभ असू शकत नाही.’ आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

निकाल लागला तेव्हा तिचं नाव निवडलेल्यांत नव्हतं. प्रतीक्षा यादीत ते पहिलं होतं. त्या एका प्रश्नाचे गुण मिळाले असते तर ती आरामात आत गेली असती. तिला तिथे शून्य होतं.

हारुनभाई शाळेत आले. ते रागावले असते तर सरांना सोपं गेलं असतं. ते बाकाच्या कडेला बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि म्हणाले, “सर, बच्ची म्हणते तिने बरोबर लिहिलं. तुम्हीच शिकवलेलं लिहिलं. माझं काही शिक्षण नाही, म्हणून विचारतो. बरोबर असेल तर मग नंबर का गेला?”

आपण जळगावला जाऊ, असं सर म्हणाले. मंडळाचे अध्यक्ष बाविस्कर सर होते, आणि निकुंभ सर कॉलेजात त्यांच्याच हाताखाली शिकले होते. त्रिकोणमिती त्यांनीच शिकवली होती. हे सांगताना कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा सरांचा आवाज मोकळा झाला. चूक समोर ठेवली की बाविस्कर सर ती बघणार, आणि बघितली की दुरुस्त करणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. शंका घ्यायला पाहिजे होती. पण ते माणसाच्या बाबतीत त्यांना कधी जमलं नाही.

तिघं एस.टी.ने निघाले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. नाजमीन सगळा वेळ दप्तर मांडीवर धरून बसली होती. दप्तराचं काही काम नव्हतं.

बाविस्कर सर थकले होते, पण शिष्याला पाहून त्यांना आनंद झाला. त्यांनी सगळ्यांना बसवलं, चहा सांगितला, हारुनभाईंना भाऊ म्हटलं. मग निकुंभ सरांनी प्रश्नपत्रिका काढली. गुरूला चूक दाखवायची होती. त्यांनी आधी पेपर फार छान होता असं सांगितलं, मग छपाई चांगली होती असं सांगितलं, आणि मग हळूच विचारलं, की सर, स्तंभाची उंची दहा पॉइंट अडतीस आली तर तो तारेपेक्षा उंच होत नाही का? तार तर तिरपी आहे.

बाविस्कर सरांनी कागद जवळ घेतला.  बाहेर कोणीतरी बोअरवेलची मोटर सुरू केली. त्यांनी कागदाच्या कडेला बारीक आकृती काढली, तिच्यावर आकडे घातले, आणि पेन खाली ठेवलं.

“योगेंद्र,” ते म्हणाले, “हे उदाहरण मी कित्येक वर्षं देतोय. तुमच्या बॅचलाही दिलं असेल. कोणी बोललं नाही.”

निकुंभ सरांना आठवलं. दिलं होतं. त्यांनीही उत्तर काढलं होतं, आणि चौकट केली होती.

बाविस्कर सर माणूस सच्चा. त्यांनी झाकपाक केली नाही. तिथल्या तिथे मंडळाच्या आणखी दोघांना फोन लावला आणि प्रश्न सदोष आहे हे सांगितलं. मग नियम बघण्यात आला. नियम होता. प्रश्न सदोष आढळल्यास, ज्यांनी तो सोडवण्याचा प्रयत्न केला आहे, त्या सर्वांना त्याचे पूर्ण गुण द्यावेत. निकुंभ सरांचा चेहरा उजळला. हारुनभाईंनी मुलीकडे पाहिलं. मग नाजमीनची उत्तरपत्रिका काढण्यात आली, आणि बाविस्कर सरांनी तिच्या त्या दोन वाक्यांवर बोट ठेवलं.

प्रयत्न कशाला म्हणायचं, हा प्रश्न निघाला. फोनवरच्या एका सदस्याच्या मते सूत्र लिहिलं तर प्रयत्न. दुसऱ्याच्या मते आकृतीसुद्धा चालेल. मुलीने सूत्र लिहिलं नव्हतं, आकृती काढली नव्हती. तिने, सदस्य म्हणाले, मत दिलं होतं.

“सर, सगळ्या उत्तरपत्रिकांत एवढं एकच उत्तर बरोबर आहे,” निकुंभ सर म्हणाले. त्यांचा आवाज थोडा चढला होता. आयुष्यात बाविस्कर सरांसमोर तो कधी चढला नव्हता.

“बरोबर आहे,” बाविस्कर सर खाली मान घालून म्हणाले. “पण गुण कुठल्या पायरीला देऊ? बरोबर असण्याला वेगळे गुण ठेवलेले नाहीत.”

गुण दिले गेले. दहा पॉइंट अडतीसवाल्यांना आधीच होते. आता साइन लावणाऱ्यांनाही मिळाले, पायथागोरसवाल्यांनाही मिळाले, आणि स्तंभाची आकृती काढून तिथेच सोडून देणाऱ्या एका मुलालाही मिळाले. यादी नव्याने लावण्यात आली. आधी मागे असलेली पुष्कळ मुलं पुढे सरकली. नाजमीन प्रतीक्षा यादीत पहिली होती, ती यादीतूनच बाहेर गेली. निकुंभ सर तक्रार घेऊन आले नसते तर ती निदान तिथे राहिली असती. एखादं मूल गळालं असतं तर आतही गेली असती. हे खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी कळलं. चहा आला. बशीत बिस्किटं होती. हारुनभाईंनी एक उचललं, कारण कोणीतरी उचलायला हवं होतं.

निघताना बाविस्कर सरांनी नाजमीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि खूप शिक असं म्हटलं. हारुनभाईंनी त्यांचे आभार मानले. निकुंभ सर नमस्काराला वाकले तेव्हा त्यांना उठायला जरा वेळ लागला. गुडघ्याचं निमित्त झालं.

कनीजकडे जाणं हारुनभाईंनी टाळलं. साफ केलेली खोली बघायला लागली असती. ते थेट बसस्टँडवर आले. धुळ्याची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते बघायला हारुनभाई पुढे गेले, आणि सर आणि नाजमीन सिमेंटच्या बाकावर बसून राहिले. ऊन कलतं झालं होतं. तिला काहीतरी धीर द्यावा असं सरांच्या मनात होतं. तशी बरीच वाक्यं ते दरवर्षी निकालाच्या दिवशी वापरत. त्यातलं एकही त्यांना आत्ता तोंडात घेववेना.

शेवटी तीच बोलली. “सर, बोर्डाच्या पेपरात असं उदाहरण आलं तर काय लिहू?”

सरांनी समोरच्या गाड्यांकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांना महिन्याभरापूर्वी झोपेतही देता आलं असतं. “आधी सोडवायचं,” ते म्हणाले. “सूत्र, किंमत, उत्तर, चौकट. मग खाली जागा उरली, तर लिहायचं की हे असू शकत नाही.”

तिने मान डोलावली. ती नेहमीच नीट ऐकायची. मग तिने वर्गात विचारावं तशा साध्या आवाजात विचारलं, “पण सर, उत्तरं तीन येतात. त्यातलं कुठलं लिहू?”

“उंची विचारली की टॅन लावायचा,” सर म्हणाले. “तपासणाराही टॅनच लावून बसलेला असतो.”

“म्हणजे दहा पॉइंट अडतीस.”

“हो.”

“ते तर तिन्हींतलं सगळ्यांत चुकीचं आहे, सर. त्यात खांब तारेपेक्षा उंच होतो.”

“हो,” निकुंभ सर म्हणाले.

गाडी लागली होती. हारुनभाईंनी खिडकीतून रुमाल टाकून तिघांची जागा धरली होती आणि ते तिथून हात हलवत होते. नाजमीन दप्तर उचलून धावली. सर तिच्यामागून निघाले, पण दारात गर्दी होती, आणि त्यांनी सगळ्यांना आधी चढू दिलं.